दुसऱ्या मजल्याची किल्ली

पल्लवी उमाठेबद्दल लिहायचं तर संडासाबद्दल लिहावं लागतं, आणि सभ्य माणसं त्याबद्दल लिहीत नाहीत. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात तिच्यावर चार ओळी छापून आल्या. 'दुर्धर आजारावर मात करून प्रथम श्रेणी मिळवणारी जिद्दी विद्यार्थिनी.' शेजारी प्राचार्यांचा हसरा फोटो. त्या चार ओळी वाचून माझं जे डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. आजारावर मात डॉक्टरांनी केली, पोट उघडून. पल्लवीने मात केली होती ती आमच्यावर, आणि त्याचा अंकात कुठे उल्लेख नव्हता. म्हणून मीच लिहायला बसले आहे.

नागपुरातल्या नंदनवन भागातल्या या कॉलेजात मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. इमारत तीन मजली, चांगली ऐसपैस. मुलींसाठीची संडासं मात्र मागच्या अंगाला, सायकल स्टँड ओलांडून, भिंतीच्या कडेला. तीन आहेत. त्यातल्या एकात मोडके बाक भरून ठेवले आहेत. दुसऱ्याला आतून कडी नाही, मैत्रिणीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. तिसऱ्यासमोर रांग. नळाला अकरा वाजेपर्यंत पाणी असतं, पुढे नशीब. आमच्या मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत आणि दुपारी घरी पोचेपर्यंत पीत नाहीत. एप्रिलच्या नागपुरात. चक्कर येऊन पडल्या की आम्ही त्यांना नाश्ता करून यायचा उपदेश करतो.

दुसऱ्या मजल्यावर, माझ्या प्रयोगशाळेच्या अगदी समोर, आणखी एक संडास आहे. पांढऱ्या टाइल्स, आरसा, बादली, साबण, चोवीस तास पाणी. त्याला कुलूप. तो स्टाफमधल्या बायकांचा. किल्ल्या तीन होत्या. एक ऑफिसात, एक ग्रंथपाल बाईंकडे आणि एक माझ्याकडे. हरवू नये म्हणून मी माझ्या किल्लीला प्रयोगशाळेतलं रबरी बूच बांधलं होतं. पंधरा वर्षं ते बूच माझ्या पर्समध्ये होतं आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर रागावणार आहे.

पल्लवी पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात आली तेव्हा मला ती मुळीच आवडली नाही. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, पाठीवर निळी सॅक आणि पंजाबी ड्रेसखाली धावायचे बूट. बसायची ती शेवटच्या बाकावर, दाराला लागून. बावीस वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक होतं की ती जागा कुणाची असते. आणि तसंच व्हायचं. मी फळ्यावर समीकरण लिहीत असताना ती उठायची, एक शब्द न बोलता निघून जायची, आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत यायची. कधी यायचीच नाही.

अशा पळपुट्यांसाठी मी एक युक्ती काढली होती. हजेरी तासाच्या सुरुवातीला घ्यायची नाही, शेवटच्या पाच मिनिटांत घ्यायची. जो शेवटपर्यंत बसला तो हजर. स्टाफ मीटिंगमध्ये या युक्तीचं कौतुक झालं, प्राचार्यांनी ती सगळ्या वर्गांना लागू केली. मी चार दिवस मान ताठ ठेवून हिंडत होते.

एक दिवस मी पल्लवीला उठवून पहिल्या बाकावर, दोन मुलींच्या मधोमध बसवलं. ती येऊन बसली. दहा मिनिटांनी तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती शेजारणीचे पाय तुडवत बाहेर पडली. मी वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं की ज्यांना फिरायचंच आहे त्यांनी फुटाळा तलावावर जावं, तिथं हवा चांगली आहे. वर्ग हसला. त्या दिवशी ती परत आली नाही. मी शेवटी हजेरी घेतली आणि तिच्या नावापुढे लाल पेनाने गैरहजर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. रडकुंडीला आली असेल, माफी मागेल, असं मला वाटलं होतं. तिने माफी मागितली नाही.

"मॅडम, परवानगी मागायले जेवढा वेळ लागते, तेवढा वेळ नसते माझ्याजवळ," ती म्हणाली.

मग तिने माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि आतड्याची आकृती काढली. लहान आतडं, मोठं आतडं, नावांसकट. मोठ्या आतड्यात पेनाने ठिपके देत गेली. या सगळ्या जखमा, म्हणाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस. दिवसातून दहा वेळा, बारा वेळा, रक्त जातं, कळा येतात, आणि आली की आली. बारावीत आतड्याचा धडा सुरू होता तेव्हाच तिचं दुखणं निघालं, त्यामुळे आकृती पक्की आहे, असंही तिने सांगितलं. एखाद्या गणिताची रीत समजावावी तसं तिने मला आपलं दुखणं समजावलं, आणि मला काही शंका आहे का ते विचारलं.

मी ओशाळले. तिला दाराजवळची जागा परत दिली, वर्गातून उठायची मोकळीक दिली, हजेरी मात्र शेवटीच घेत राहिले, आणि आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं मला वाटलं. पर्स तेव्हा माझ्या मांडीवर होती. किल्ली तिच्या बाहेरच्या कप्प्यात होती. ती द्यावी हे माझ्या डोक्यात आलंच नाही. स्टाफचा संडास स्टाफचा असतो, त्यात विचार करण्यासारखं काय, अशी माझी तेव्हाची अक्कल.

ती कोराडीहून यायची. वडील वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. कोराडी ते सीताबर्डी एक बस, सीताबर्डी ते नंदनवन दुसरी. साधी माणसं या रस्त्यावर दुकानं, देवळं, सिग्नल बघतात. पल्लवीच्या डोक्यात या रस्त्याचा वेगळाच नकाशा होता. तिच्याकडे एक लांबट वही होती, तिच्या शेवटच्या पानांवर तिने वाटेवरच्या प्रत्येक संडासाला दहापैकी मार्क दिले होते. एका पेट्रोल पंपाला सहा, पण कंसात 'काका असले तर'. बर्डीवर मेट्रो स्टेशनला नऊ. तिथल्याच एका साडीच्या दुकानाला आठ, कारण मालकीणबाई काही न विचारता आतला पडदा बाजूला करायची. एकदा तिने हे मला वाचून दाखवलं. आमच्या कॉलेजला दोन होते. मी म्हटलं, दोन तरी कशाचे दिलेस?

"छप्पर आहे मॅडम. पावसात भिजत नाही."

त्याच वहीत मधल्या पानांवर रकाने आखलेले होते. तारीख, विषय, किती वाजता उठली, किती वाजता परत आली. हे कशाला लिहितेस विचारलं तर म्हणाली, डॉक्टरने सांगितलं आहे, आणि कधी कामी पण येईल. मी विषय सोडून दिला.

कोणाला दया दाखवायची संधी ती देत नसे. सल्ले देणाऱ्यांची मात्र तिच्याभोवती गर्दी. सगळ्यांच्या मते तिचं पोट तिच्याच चुकीने बिघडलं होतं. मावशी म्हणायची, मोबाइल पाहत जेवते म्हणून. शेजारच्या काकू ताक सांगायच्या. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी योगासनांची चित्रं दिली. कॉलनीतल्या एका बाईने तर सरळ सांगितलं की लग्न झालं की पोट आपोआप ठीक होतं. मी हे ऐकून चिडले, तर पल्लवी शांत. म्हणाली, मग विवाहित बायांना पोटच नसेल.

आमच्या फाटकासमोर तर्री पोह्यांची गाडी लागते. मैत्रिणी लालभडक तर्री ओतून घ्यायच्या, ही नुसते पांढरे पोहे घेऊन त्यांच्या मध्ये उभी राहायची आणि दुसरीच्या बशीवर नाक नेऊन मोठ्ठा श्वास घ्यायची. गाडीवाला हसायचा. ती म्हणायची, वासाले डॉक्टरनं मना नाही केलं.

अभ्यास तिचा कुठे व्हायचा, तर तिथेच. घरच्या संडासाच्या भिंतीवर तिने प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून नोट्स चिकटवल्या होत्या. कार्बनी रसायनाचा अख्खा अभ्यासक्रम आमच्या संडासात आहे, असं ती अभिमानाने सांगायची, आणि बाबांना पण आता बेंझीन ओळखू येतं. दुसऱ्या वर्षी गोळ्यांनी तिचा चेहरा फुगून गोल झाला. वर्गातली दोन टवाळ पोरं तिला पाहून गाल फुगवायची. तिने त्यांना एकदा प्रयोगशाळेत गाठलं आणि गोळीचं नाव, तिचा रेणू आणि दुष्परिणामांची यादी फळ्यावर लिहून दाखवली. परीक्षेला येऊ शकते, म्हणाली, उतरवून घ्या. पोरांनी खरंच उतरवून घेतली.

शेवटच्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती. वर्ष वाया जाऊ द्यायचं नव्हतं. बारावीत आजाराने एक वर्ष गेलं होतंच. हे दुसरं गेलं असतं तर घरातून शिक्षण थांबलं असतं, हे तिला स्पष्ट सांगण्यात आलं होतं. तिच्या आईचं म्हणणं, तब्येत अशी, किती ओढायचं. त्यात आईची काही चूक नव्हती. पण पल्लवीला एम. एस्सी. करायचं होतं, आणि त्यासाठी एप्रिलच्या परीक्षेला बसायचं होतं. बाकी सगळं तिच्या लेखी वाटाघाटीचं होतं.

डिसेंबरात दुखणं उसळलं. जानेवारीभर ती वर्गात येत होती, पण निम्मा वेळ सायकल स्टँडच्या पलीकडे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रक्त थांबेना. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, मोठं आतडं काढावं लागेल, अख्खं, आणि लगेच. तिने त्यांना परीक्षेचं वेळापत्रक दाखवलं. मेमध्ये केलं तर चालेल का, विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की आतडं मेपर्यंत थांबणार नाही, आणि तीही. मग तिने विचारलं की बसून लिहायला किती दिवसांनी जमेल. सहा आठवडे, ते म्हणाले. तिने तिथेच बोटांवर आठवडे मोजले आणि हो म्हटलं.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी मी भेटायला गेले. खाटेवर ती अगदी एवढीशी झाली होती. उशीजवळ माझ्याच विषयाचं पुस्तक उघडं. पोटाच्या उजव्या बाजूला लहान आतड्याचं तोंड बाहेर काढलं होतं, त्यावर पिशवी चिकटवलेली. आता जे काही व्हायचं ते त्या पिशवीत. आई कोपऱ्यात बसून पदराने डोळे टिपत होती. नातेवाइकांना कळता कामा नये, उद्या पोरीचं जमवायचं आहे, असं ती मला हळू आवाजात सांगत असतानाच पिशवीतून मोठ्याने गुडगुड आवाज आला. मी न ऐकल्यासारखं केलं. पल्लवी म्हणाली,

"मॅडम, प्राचार्य बोलून राहिले."

तिने त्या पोटावरच्या तोंडाचं नाव प्राचार्य ठेवलं होतं. कधी बोलतील याचा नेम नाही, त्यांना थांबवता येत नाही, आणि बोलले की सगळ्यांनी न ऐकल्यासारखं करायचं, असं तिचं स्पष्टीकरण. मी हसले. आईसुद्धा डोळे पुसता पुसता हसली. पल्लवी मात्र हसत नव्हती, तिला टाके दुखत होते.

मार्चच्या शेवटी ती कॉलेजात आली, कागद घेऊन. आणि खऱ्या आजारापेक्षा वाईट प्रकार तेव्हा सुरू झाला. हजेरी कमी पडत होती. वैद्यकीय प्रमाणपत्र होतं, पण ते रजा सुरू झाल्यापासून आठ दिवसांत ऑफिसात जमा करायचं असा आमचा नियम. हेडक्लार्कने ते तारखेवर बोट ठेवून परत केलं. ती त्या आठ दिवसांत अतिदक्षता विभागात होती, मी म्हटलं. तर तो म्हणाला, मग घरच्यांनी आणायचं. घरचे तिच्या उशाशी बसले होते, म्हटलं. तो म्हणाला, सगळ्यांनी नाही बसायचं.

प्रकरण हजेरी समितीपुढे गेलं. प्राचार्य, हेडक्लार्क, आम्ही चार विभागप्रमुख. समोर पल्लवी आणि तिचे वडील. उमाठे म्हणजे उंच, वाळका माणूस. ड्यूटी बदलून आले होते, नखांत कोळसा तसाच. त्यांना खुर्ची कोणी दिली नाही. मीही नाही. पल्लवीलासुद्धा खुर्ची मागून घ्यावी लागली.

त्या दिवशी सगळे इतकं गोड बोलले की अजून माझ्या अंगावर काटा येतो. प्राचार्य म्हणाले, बेटा, तब्येत आधी, परीक्षा काय पुढच्या वर्षीही आहे. भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, एक वर्ष आराम कर, माझ्या भाचीनेही गॅप घेतला होता. कुणीतरी म्हणालं की परीक्षेत काही झालं तर कॉलेजचं नाव येईल. सगळ्यांना तिची काळजी. तिचं वर्ष जाईल, शिक्षण जाईल, ही काळजी त्यात कुठे बसत नव्हती. मी गप्प होते. नियम माझ्या ओळखीचा होता.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर पल्लवीने सॅकमधून ती लांबट वही काढली. मधली, रकान्यांची पानं उघडून टेबलावर ठेवली. म्हणाली, रजेचे दिवस तुम्ही नाही धरत, ठीक आहे. पण हे पाहा. हे सगळे तास मी कॉलेजात होती. वर्गात आली, बसली, मधातून उठून मागं गेली. तिथं रांग. कधी पाणी नाही, तर दुसरीकडून बादली आणायची. परत येईपर्यंत हजेरी होऊन गेलेली. प्रत्येक ओळीत वेळ होती. उठली दहा वाजून वीस मिनिटं, परत दहा पन्नास, हजेरी झालेली. उठली, परत, हजेरी झालेली. पानामागून पान.

"वर जवळ होतं मॅडम," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "वर जाऊन आली असती तर पाच मिनिटात परत. पण त्याले कुलूप आहे."

वहीतल्या एकोणीस ओळी माझ्या तासाच्या होत्या. मी एकोणीस वेळा वाचल्या म्हणा ना. माझी हजेरीची युक्ती आणि माझ्या पर्समधली किल्ली, दोन्ही तिथे शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. मुलगी आजारी होती ती तिची गोष्ट. गैरहजर तिला मी केलं होतं.

हेडक्लार्क म्हणाला, वहीवर कोणाची सही नाही. ही तिनेच लिहिलेली वही. प्राचार्यांनीही मान हलवली. तेव्हा उमाठे पहिल्यांदा बोलले.

"साहेब, मी कोळशाच्या पट्ट्यावर आहे. पट्टा बंद पडला तर आमचं काम थांबते. पण पट्टा बंद पडला म्हणून आमच्या इथं मजुराची गैरहजेरी नाही लावत."

मी ती वही ओढली आणि माझ्या एकोणीस ओळींच्या खाली लिहिलं की ही विद्यार्थिनी या तासांना वर्गात हजर होती, मी तिला आत बसलेलं पाहिलेलं आहे. सही केली. प्राचार्यांनी विचारलं, म्हणजे तुमचं हजेरीपत्रक खोटं समजायचं का? मी हो म्हटलं. बावीस वर्षांत मी त्या खोलीत इतक्या मोठ्या आवाजात बोलले नव्हते. मग गणिताच्या बाईंनी वही मागून घेतली, त्यांच्या अकरा ओळी होत्या. भौतिकशास्त्राच्या सरांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग पेन शोधलं. तेवढे तास धरले तर ती काठावर बसत होती. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि हा अपवाद समजावा असं तीन वेळा सांगितलं.

बाहेर आल्यावर मी पर्स उघडली आणि बुचासकट किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने ती क्षणभर तळहातावर तोलली, सॅकमध्ये टाकली आणि वडिलांना घेऊन बसस्टॉपकडे गेली. आभार मानले नाहीत. मानले असते तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती.

परीक्षा सुरू झाली. शेवटच्या पेपरला तिच्या खोलीवर माझी ड्यूटी होती, विषय माझा नसल्यामुळे. ती भिंतीच्या बाकावर, सैल कुर्ता घालून लिहीत होती. मधेच एकदा प्राचार्य बोलले. खरे नव्हेत, तिचे. दोन पोरांनी माना वळवल्या, तिने मान वर न करता लिहिणं चालू ठेवलं. शेवटचा तास सुरू झाला आणि भरारी पथक आलं. त्यातल्या बाई चटपटीत होत्या. मुलींचे कंपास, पट्ट्या, पदर-ओढण्या तपासत त्या पल्लवीजवळ आल्या, आणि कमरेपाशी हात लागताच थांबल्या.

"काय लपवलंय?"

मी पुढे धावले, सांगायला लागले. ऑफिसने तिच्या आजाराचं पत्र या खोलीच्या कागदांत ठेवायला हवं होतं. ठेवलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, मॅडम, तुम्ही मधे पडू नका, आम्हाला रोज असल्या सबबी ऐकाव्या लागतात. सगळी खोली पाहत होती. चाळीस पोरं, त्यात ती गाल फुगवणारी दोघंही. पल्लवी उठली. पेनाचं टोपण लावलं, उत्तरपत्रिका पालथी ठेवली, सॅकमधून बूच बांधलेली किल्ली काढली.

"चला मॅडम. वर जागा आहे, तिथं दाखवते. पण वेळ लिहून घ्या. माझा वेळ जाऊन राहिला."

आणि तिने त्या बाईंना बाहेर जाण्याच्या वहीत वेळ लिहायला लावली. सहीसकट. त्या दोघी वर गेल्या. परत आल्या तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. बाईंचा चेहरा उतरलेला. त्यांनी माफी मागितली नाही. खोलीकडे न बघता त्या पुढच्या वर्गात निघून गेल्या. पल्लवी बसली, पालथी उत्तरपत्रिका उलटली आणि मला विचारलं, अकरा मिनिटं मिळतील ना? नियमाने मिळत नव्हती. माझ्या हातात तो अधिकार नव्हता.

घंटा झाली. मी उत्तरपत्रिका गोळा करायला लागले, तिच्यापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यातून. एकेक पाहून घेतली. प्रत्येकीवर आसन क्रमांक नीट आहे का, सही आहे का. एका पोराचा क्रमांक पुसट होता, त्याला पुन्हा लिहायला लावलं. मग गठ्ठा मोजला. चूक वाटली म्हणून पुन्हा मोजला. गाल फुगवणाऱ्यांपैकी एकाला काय चाललंय ते उमगलं असावं. त्याने आपली पुरवणी शोधायचं असं काही नाटक केलं की त्यातच दोन मिनिटं गेली. मी तिच्या बाकापाशी पोचले तेव्हा तिने शेवटची ओळ लिहून पेन खाली ठेवलं होतं.

सगळे गेल्यावर ती दारापाशी थांबली. किल्ली माझ्यापुढे धरली.

"ठेव ना," मी म्हटलं. "निकाल लागेपर्यंत यावं लागेल तुला."

"नाही लागत आता मॅडम. आता मले घाई नसते. पिशवी आहे ना, तास दोन तास थांबू शकते." मग ती म्हणाली, "मले लागत होती तेव्हा तीन वर्षं तुमच्या पर्समध्ये होती."

तिचा आवाज चढला नव्हता. तक्रारीचा सूरही नव्हता. आतड्याची आकृती समजावताना होता तोच आवाज. मला वाटतं, मला काही शंका आहे का, एवढंच विचारायचं तिने बाकी ठेवलं होतं. मी किल्ली घेतली. बूच तिच्या हाताने गरम झालं होतं.

आज त्या दाराबाहेर एक खिळा आहे आणि त्यावर ती किल्ली टांगलेली असते, कोणीही घ्यावी. प्राचार्यांची दोन पत्रं मला येऊन गेली. मी दोन्ही फाईलला लावली. मागच्या संडासांत अजून मोडके बाक आहेत.

पण मला सांगायचं होतं ते त्या दुपारचं. मी खिडकीतून पाहत होते. फाटकाबाहेर बर्डीची बस येऊन लागली होती. कंडक्टर घाई करत होता, पोरी ओढण्या सावरत पळत सुटल्या. पल्लवी फाटकापर्यंत पोचली नव्हती. पायात तेच धावायचे बूट. मला वाटलं, आता धावेल. तीन वर्षं मी तिला वर्गातून, जिन्यावरून, सायकल स्टँडवरून फक्त धावतानाच पाहिलं होतं. ती धावली नाही. सॅक खांद्यावर नीट केली आणि आपल्या चालीने चालत राहिली. बस सुटली. ती तर्री पोह्यांच्या गाडीपाशी थांबली, गाडीवाल्याशी काहीतरी बोलली, मग सावलीत जाऊन उभी राहिली आणि दुसऱ्या बसची वाट पाहू लागली.